टाकीखालची टाकी

हळवं भात कापायला आलं की सापगावातल्या उन्हाला वास येऊ लागतो. वाळत्या पेंढ्याचा, तापल्या मातीचा, खळ्यावर उडणाऱ्या धुरळ्याचा. दुपारी पत्रे कडकड वाजतात आणि पहाटे पायाशी लोटलेली गोधडी पुन्हा गळ्यापर्यंत ओढावी लागते. या दिवसांत कुणाला नव्या तांदळाची भाकरी आठवते, कुणाला माहेरची दिवाळी. मला सिलिकॉन आठवतं. काचेला काच चिकटवायचं सिलिकॉन. शिळ्या ताकासारखा आंबूस, नाकात चढून बसणारा त्याचा वास असतो.

परवा दुकानात एका गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून मी सिलिकॉनची नळी फोडली आणि ते सगळं वर्ष समोर येऊन उभं राहिलं. त्या वर्षी कापणीच्या दिवसांत मी टाकीखालची टाकी बांधली. मी, सुरेखा, शहापूरच्या बाजारात नळ-पाइपच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बाई. हे असं छाती पुढे काढून लिहिलेलं कुणाला खटकलं तर खटकू दे. बायकांच्या कामाचं कौतुक बहुधा भाजीत मीठ बरोबर पडलंय इथवर येऊन थांबतं. माझ्या कामातही मीठच होतं, फक्त बादल्या भरून होतं.

आमच्या दुकानात पाइप, पाइप वळवायचा एल्बो, टी, युनियन, वॉल्व, पाण्याच्या टाकीला भोक पाडून बसवायचं टँक निपल, सगळं मिळतं. नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून मागे बघतं आणि विचारतं, "शेठ नाय का?" मी म्हणते, "शेठ जेवायला गेलेत, पण पाइप इथंच आहेत. बोला." मग तो दादा हातवारे करतो. असं वळायला पायजे, तिथनं वर जायला पायजे. मी त्या हातवाऱ्यांतून त्याच्या घरची मोरी, गच्ची, विहीर डोळ्यांपुढे आणते आणि सामान काढून देते. बदलून न्यायला फार थोडे जण परत येतात. ही फुशारकी नाही. म्हणजे आहेच, पण खरी आहे. इतक्या वर्षांत मी लोकांच्या घराघरांत पाणी खेळवलं, पण स्वतःच्या हातांनी एक सांधा कधी चिकटवला नव्हता. चिकटवायचं काम फिटरचं, विकायचं आपलं, असं मीही धरूनच चालले होते.

टाकी आली ती माझ्या धाकट्या भावामुळे. नितीन डोंबिवलीला राहायचा. त्याला मस्कतला नोकरी लागली आणि गणपती उठल्यावर एका दुपारी तो टेम्पो घेऊन आमच्या दारात हजर झाला. टेम्पोत काचेची मोठी टाकी, तिचा कपाटासारखा दारं असलेला स्टँड, भोकाभोकांचे दगड, निळे दिवे आणि फुगवलेल्या पिशव्यांत मासे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी आणि एक पिवळाधमक, चपटा, नाक वर करून फिरणारा. "ताई, दुसऱ्या कुणावर सोपवू?" एवढंच तो म्हणाला. हे मासे समुद्राचे, यांना खारंच पाणी लागतं, ते खास मीठ मोजून घालून करावं लागतं, असं सगळं समजावून तो गेला. मी मान हलवत होते, पण लक्ष त्या पट्टेवाल्या जोडीकडे होतं. ती दोघं टाकीचा एक कोपरा धरून, एकमेकांना चिकटून, आमच्या पडवीकडे संशयाने बघत होती. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही त्याच पडवीत असंच बघत उभी होते. मग काय, जीव जडला.

तेव्हापासून दुकानातून आलं की हातपाय धुवायचे, चहाचा कप घ्यायचा आणि टाकीसमोर बसायचं, हा माझा नेम झाला. यशवंत, माझा नवरा, भिवंडीला गोदामात कामाला. तो आल्यावर आधी मला शोधायचा आणि मी दिसले की म्हणायचा, "बसली आमची बाई समुद्रावर." कधी कधी स्वतःही कप घेऊन शेजारी बसायचा. तानसा तलावाचं पाणी इथून मुंबईला जातं आणि मुंबईकडचा समुद्र उलटा आमच्याकडे आला, असं मी त्याला म्हटलं होतं. त्याला ते इतकं आवडलं की गोदामात चार जणांना सांगून आला.

पण पडवी माझी नव्हती. आमच्या घरात चूल माझी आणि पडवी सासूबाईंची, हे कुणी ठरवलं नाही, पण तसं आहे. सासूबाईंना मी आईच म्हणते. अंगाने एवढ्याशा, पण शेताचा सगळा कारभार त्यांच्या हातात. कुठल्या खाचरात कुठलं भात, पाणी कधी सोडायचं, कुणाला कापणीला बोलवायचं, त्या ठरवतात. भात घरात येतं ते पडवीत, म्हणून पडवीवर त्यांचा शब्द शेवटचा. आणि माझी टाकी नेमकी तिथेच, भाताच्या गोण्या लागतात त्या भिंतीला उभी होती.

त्यातून त्या टाकीचं रूप पुढून देखणं आणि मागून अगदी गबाळं. पाणी साफ करायचा फिल्टर मागे काचेवर लटकलेला, त्यातून सारखे शिंतोडे उडायचे. थेंब वाळला की मीठ मागे राहायचं. ते मीठ पापुद्रे धरत भिंतीवर चढलं. रंग फुगला, गिलावा सुटला आणि लादीवर कायमची चिकट ओल राहू लागली. मी पुसायची, ते पुन्हा यायचं. आई येता-जाता भिंतीवरून हात फिरवून बघायच्या. एका सकाळी त्यांनी भिंतीवरचा एक पापुद्रा नखाने काढला, जिभेवर ठेवला, थुंकला आणि माझ्याकडे वळल्या.

"सुरेखा, ह्यो तुजा मिठाचा डबा भाताच्या वाटंवर आलाय. गरवं घरात यायच्या आत हितनं हलला पायजे. बियान्याला खार लागला तं पुढल्या साली काय दगड पेरू?"

"आई, मासे कुठे ठेवणार मी?"

"दिलीपला बोललेय मी. तो टेम्पो घेऊन येल."

दिलीप म्हणजे त्यांचा भाचा. मुरबाड रोडला त्याचा ढाबा आहे. काउंटरवर रंगीत माशांची टाकी ठेवली की गाड्या थांबतील, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याच्या काउंटरला लागूनच तंदूर. दिवसभर धग, धूर आणि फोडणीचा खाट. तिथे हे मासे जगायचे नाहीत हे मला उघड दिसत होतं. भावाला दिलेला शब्द होताच, पण खरं सांगू का, भाऊ एव्हाना मागे पडला होता. ते मासे मला हवे होते. या घरात माझी म्हणावी अशी ती पहिली गोष्ट होती, आणि ती मला कुणाच्या काउंटरवर मरायला पाठवायची नव्हती.

"एक थेंब खाली पडणार नाही असं केलं तर?" मी विचारलं.

आईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कर की. गरवं कापंपर्यंत टाइम हाय तुला."

हळवं भात आधी तयार होतं, गरवं सगळ्यांत शेवटी. म्हणजे कापणीचा हंगाम सरेपर्यंत मला मुदत मिळाली होती. शेतात विळे चालू झाले आणि घरात माझी शर्यत सुरू झाली.

त्या शर्यतीचं नाव सम्प. हा शब्द काढला की आमच्याकडे लोक अंगणात पुरलेली पाण्याची टाकी समजतात, म्हणून सांगते. माशांच्या टाकीचा सम्प म्हणजे तिच्याखाली, स्टँडच्या कपाटात लपवलेली दुसरी, लहान टाकी. वरच्या टाकीच्या काठाशी एक भोक. पाणी तिथवर आलं की आपोआप पाइपातून खालच्या टाकीत पडतं. खालच्या टाकीत काचेच्या आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात. पहिल्या कप्प्यात घाण अडते, दुसऱ्यात पाणी स्वच्छ होतं, शेवटच्यात पंप असतो आणि तो निवळ पाणी पुन्हा वर ढकलतो. पाणी दिवसभर असं फिरत राहतं. लटकणारं, शिंतोडे उडवणारं सगळं सामान खाली दारांआड जातं. मी मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचे व्हिडिओ बघितले. त्यांची भाषा कळत नव्हती, पण त्यांच्या हातातला एल्बो मला कळत होता.

वरच्या टाकीला भोक पाडणं हे पहिलं काम, आणि तेच सगळ्यांत भीतीचं. काच तडकली की खेळ खलास. मासे टबात काढले, हवेचा छोटा पंप लावला, टाकी रिकामी करून आडवी केली. काच कापायचं हिऱ्याच्या पुडीचं गोल पातं आणि ड्रिल दुकानातून आणलं. पातं तापू नये म्हणून भोकाच्या जागी सतत पाणी उभं राहायला हवं. त्यासाठी मी कणकेचा एक जाड वळसा करून काचेवर चिकटवला आणि त्यात पाणी भरलं. आई भाकऱ्या थापता थापता बघायला आल्या.

"कणीक कशाला नासतेस?"

"आळं केलंय, आई. पाणी राहायला."

आळं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. झाडाला आळं करतात तसं काचेला केलं, यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. मी ड्रिल धरलं. जोर द्यायचा नाही, यंत्राला आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचं. आळ्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. यशवंत दारात उभा राहून दोन्ही हातांनी चौकट धरून होता, जणू घर पडणार होतं. आणि मग टक् असा बारीक आवाज होऊन काचेची गोल चकती सुटली. कडा साफ, चीर कुठे नाही. मी ती चकती तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरले. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच दिवसांतली एक गंमत. माशांसाठी नवीन पाणी कालवलं होतं आणि ते बरोबर खारट झालंय का, हे मी पाण्यात तरंगणाऱ्या, खुणा केलेल्या काचेच्या नळीने बघत होते. आई पेरणीच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट दाणे वर येतात ते काढून टाकायला. त्या पाण्यात मीठ पुरेसं झालं की अंडं तरंगतं, ही त्यांची खूण. त्यांनी आतून अंडं आणलं आणि मला न विचारता माझ्या बादलीत सोडलं. अंडं तळाला गेलं.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

"आई, समुद्र एवढाच खारट असतो."

"मंग समिंदरातच कमी हाय." असं म्हणून त्यांनी अंडं काढलं, पुसलं आणि त्याचं कालवण केलं.

आता खालची टाकी. शहापूरला खिडक्यांच्या काचा कापणारा एक जण आहे, त्याच्याकडून मापाने काचा कापून आणल्या. कडा पॉलिश पेपरने घासल्या, माशांच्या टाकीला चालतं ते सिलिकॉन घेतलं आणि रविवारभर बसून भिंती उभ्या केल्या. एकेक काच सरळ, तळाला गच्च, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची रेघ बोटाने ओढून काढलेली. पहिल्यापेक्षा दुसरी थोडी ठेंगणी, दुसरीपेक्षा तिसरी. पाणी एकीवरून दुसरीत, दुसरीवरून तिसरीत पडत जाणार. उतारावरची भाताची खाचरं असतात तशी. मी मागे सरून बघितलं आणि मला ते इतकं सुंदर वाटलं की कुणी येऊन बघावं म्हणून मी कपाटाची दारं दिवसभर उघडीच ठेवली.

सिलिकॉन सुकलं, पाइप जोडले, पाणी भरलं, पंप चालू केला. बटण बंद करूनही बघितलं. वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून उलटं खाली येतं, म्हणून पंपाकडून वर जाणाऱ्या पाइपाला वर एक बारीक भोक ठेवलं होतं, हवा शिरून धार तुटायला. ते सगळं चोख चाललं. लादी कोरडी. भिंत कोरडी. मी जिंकले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी वरची टाकी सोड्याच्या बाटलीसारखी झाली होती. कोट्यवधी बारीक बुडबुडे. मासे दिसेनात. दिसले तेव्हा पट्टेवाली जोडी दगडामागे दडून बसलेली आणि पिवळा श्रीमंत पाहुण्यासारखा तोंड वळवून कोपऱ्यात. बुडबुडे वर येऊन फुटायचे आणि त्यांचे शिंतोडे काठावरून बाहेर. म्हणजे पुन्हा मीठ, पुन्हा भिंत. दर भिंतीवरून पडताना पाणी हवा घेऊन पडत होतं आणि पंप ती हवा पाण्यासकट वर फेकत होता. मी पंप हळू केला, पडत्या धारेखाली स्पंज ठेवला, जाळी लावली. बुडबुडे जसेच्या तसे. शेतात हळवं कापून होत आलं होतं. आईंनी दिलीपला फोन केल्याचं मला यशवंतकडून कळलं.

मला अजून आठवतं, त्या दिवसांत दुकानात मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसायची. एकाने अर्ध्या इंचाचा एल्बो मागितला, मी म्हटलं, "कशाला पाहिजे? पाणी कुठे जातं ते आधी नीट बघितलंय का?" बिचारा घाबरून न घेताच गेला. माणसाच्या हातून काही पुरं व्हायला आलेलं असताना अडतं ना, तेव्हाची चिडचिड वेगळीच. काम न जमणाऱ्याला इतकी चीड येत नाही, जमत आलेल्याला येते.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी शेतावर गेले. वरच्या खाचरात हळव्याचे शेवटचे भारे बांधणं चालू होतं आणि खाली गरवं अजून पाण्यात उभं होतं. ओहोळाचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात घ्यायला बांधाला तोंड काढलेलं होतं. त्या तोंडातून पाणी खाली पडत होतं आणि पडल्याजागी पांढरा फेस होत होता. मी भारा खाली ठेवून त्या फेसाकडे वैऱ्याकडे बघावं तशी बघत बसले. माझ्या टाकीत होतं ते हेच.

आई बांधावरून चालत येत होत्या. मध्येच वाकल्या. "मेल्या खेकड्यानं बीळ केलंय बग. सगळं पानी चाललं," असं म्हणत त्यांनी चिखलाचा गोळा हातात घेतला.

मी तिकडे बघितलं. बांधाच्या अगदी बुडाशी खेकड्याने पाडलेलं भोक. वरच्या बाजूला खाचरात पेंढ्याची कुसं आणि फेसाचा तवंग बांधाला येऊन अडकला होता. आणि खाली त्या बिळातून बाहेर येणारं पाणी अगदी निवळ. आवाज नाही, फेस नाही, एक बुडबुडा नाही. हवा वर तरंगत राहते, तिला खाली बुडी मारता येत नाही. पाणी बुडाखालून घेतलं तर ती मागेच राहते.

"आई, बुजवू नका!" मी एवढ्या जोराने ओरडले की भारे बांधणाऱ्या बायका उभ्या राहिल्या.

"डोकं फिरलं का गो तुजं? बांधाचं बीळ बुजवू नको?"

"थांबा, फक्त मला बघू दे."

त्या चिखलाचा गोळा हातात धरून थांबल्या. मी बांधावर पालथी पडून ते बीळ बघत होते आणि हसत होते. कारण आता मला माझी चूक कळली होती, आणि ती चूक केवळ आमचीच होती. मी शेणवे गावच्या शेतकऱ्याची मुलगी, सापगावच्या शेतकऱ्याची सून. हातात काच आली तरी मी बांधच घातले. बांध म्हणजे बुडाशी गच्च. पाणी जायचं ते वरून. खालून गेलं तर ते बीळ, आणि बीळ दिसलं की आधी पाय देऊन चिखल भरायचा, हे बोलायला शिकायच्या आधीपासून शिकलेलं. त्या परदेशी व्हिडिओंत मधली काच तळापासून उचललेली होती. मी ती कितीदा बघितली असेल, आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, यांचं काम कच्चं आहे, खाली फट राहिलीय.

उठले तेव्हा परकरापासून पदरापर्यंत चिखल. आईंना म्हटलं, "बुजवा आता." त्यांनी गोळा असा दणकन भरला की त्यातला थोडा राग माझ्यावरचा असावा.

पुन्हा मासे टबात, पुन्हा ब्लेडने सिलिकॉन खरवडणं. आता तीन काचा जवळजवळ लावल्या. पहिली तळाला गच्च, पाणी तिच्यावरून पडणार. दुसरी उंच आणि तळापासून दोन बोटं वर, पाणी तिच्याखालून जाणार. तिसरी पुन्हा गच्च, तिच्यावरून पाणी शांतपणे पंपाकडे. ती मधली काच मी दोनदा तळाला टेकवली आणि दोनदा पुन्हा उचलली, खोटं कशाला सांगू. बांधाला मुद्दाम बीळ ठेवताना कसंतरीच झालं. हे सगळं चालू असताना शेतात गरव्याचं पाणी सोडलं गेलं, विळे लागले, झोडणी झाली.

सिलिकॉन पुरतं सुकलं त्या सकाळी घाईघाईने पाणी भरलं, मासे सोडले, पंप चालू केला. बुडबुडे नव्हते. बघत बसायला वेळही नव्हता. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी, शेठने लवकर बोलावलेलं. आणि त्याच सकाळी गरव्याच्या गोण्या घरात आल्या. आईंनी त्या भिंतीलाच लावून घेतल्या, बियाण्याची सगळ्यांत पुढे. संध्याकाळी दिलीप येणार होता. नव्या काचांनी खालच्या टाकीतली पाण्याची पातळी बदलली होती, वीज गेल्यावर वरून येणारं पाणी तिच्यात मावतं का, हे अजून बघितलेलं नव्हतं. संध्याकाळी येऊन बटण बंद करून बघू, असं ठरवून मी निघाले.

दुपारी दुकानातला पंखा थांबला. बाजारातले सगळे पंखे थांबले. शेजारचा म्हणाला, लाइनचं काम काढलंय, सापगावकडचीही गेली. आमच्या पडवीच्या लादीचा उतार गोण्यांकडे आहे. खालच्या टाकीतलं खारं पाणी काठावरून आलं असतं तर थेट बियाण्याखाली. मी शेठला काय सांगितलं आठवत नाही. रिक्षात बसले आणि नदीचा पूल येईपर्यंत हातातल्या पिशवीचा बंद तोडून टाकला.

घरात पाऊल टाकलं तर आई स्टुलावर उभ्या. पदर खोचलेला, हातात तांब्या. वरच्या टाकीतलं पाणी तांब्याने घ्यायच्या आणि उंचावरून पुन्हा टाकीत सोडायच्या. पट्टेवाली जोडी त्या धारेखाली अंग हलवत होती.

"आलीस? धर हे. खांदा भरून आला माजा."

"आई, हे काय करताय?"

"तूच बोललीस ना, लाइट गेली का यांचा जीव गुदमरतो म्हनून. मंग हवा नको त्यांना?"

मी खाली वाकून कपाटाच्या उघड्या दारांतून बघितलं. खालच्या टाकीत पाणी काठापासून चार बोटांवर येऊन स्थिर उभं होतं. लादी कोरडी. आईंच्या तांब्याचे तेवढे दोन-चार थेंब. गोण्या कोरड्या.

"लाइट गेली तवा खालचं पानी वर याया लागलं," आई स्टुलावरून सांगत होत्या. "आलं, आलं, आलं. मी बियान्याच्या गोनीला हात घालून उभी, वढायच्या तयारीत. मंग बगितलं तं थांबलंय. तितंच थांबलं. थांबलं म्हनून तांब्या घेतला."

मी त्यांच्या हातून तांब्या घेतला आणि मला रडू फुटलं. आनंदाचं, अभिमानाचं, काय ते म्हणा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची वस्तू मी समोर नसताना माझ्या शब्दाला जागली होती. आईंनी माझ्याकडे बघितलं न बघितलंसं केलं आणि खांदा दाबत खाली बसल्या. आम्ही आळीपाळीने धार सोडत राहिलो. वीज आली तेव्हा पंप गुरगुरला, खालचं पाणी आपल्या खुणेवर उतरलं, वरचं भरलं. टाकी अशी स्वच्छ की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. आई कपाटाच्या उघड्या दारासमोर मांडी घालून बसल्या होत्या. वर मासे होते, पण त्या खाली बघत होत्या. बोटाने एकेका काचेवरून पाणी कुठून कुठे जातं ते लावत होत्या. मधल्या काचेशी त्यांचं बोट थांबलं, खाली वळलं आणि फटीतून पलीकडे गेलं.

"म्हनून वरडलीस व्हय त्या दिवशी," त्या हळूच म्हणाल्या.

आता कुणी विचारतं, टाकी सांभाळणं कठीण का, तर मी सांगते, नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, तेवढं रोज गोडं पाणी घालायचं. स्पंज पिळायचा. बाकी ती आपली आपण चालते. त्या वर्षानंतर मी आणखीही कामं केली, दुकानात आता फिटर अडला की मला विचारतो. पण पहिल्या कामाची ऐट निराळी असते, आणि ती मी मिरवणारच. कारण त्या संध्याकाळी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

दिलीप टेम्पो घेऊन आला, सोबत उचलायला दोन गडी. "आत्या, कुठाय टाकी? रिकामी केली नाय अजून?"

मी चहा टाकायला उठले आणि दारातच थांबले. आता काय होतं ते ऐकायचं होतं.

आईंनी त्याला बस म्हटलं नाही. "हितं ये. खाली वाक," म्हणाल्या.

"मासे वर हायेत ना?"

"मासे काय, बाजारात गेलं का कुनालाबी मिळतात. हे नाय मिळत." त्यांनी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली. "हे माज्या सुनेनं बांधलंय. पयल्या खाचरात घान ऱ्हाते. मंग ह्या बांधावरनं पानी पडतं. आनि ह्यो बांध बग, ह्याला खालनं बीळ हाय. मुद्दाम ठेवलंय."

"बांधाला बीळ?" दिलीप हसला. "बुजवायचं मंग."

"येडा हायेस. बुजवलं का सगळं नासलं. नीट बग."

"आत्या, पन टेम्पो आनलाय ना मी..."

"टेम्पो जाईल रिकामा. तू बग."

तो कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात टेकून कपाटात डोकं घालून उभा. बाहेर गडी टेम्पोला टेकून विड्या ओढत होते. एकदा त्याने पाठ सरळ करायचा प्रयत्न केला, पण आईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा खाली दाबलं. तिसऱ्या काचेचं सांगायचं अजून राहिलं होतं.